माजी सैनिकाची युद्धकथा लिहिताय? या चुका टाळा

गोव्यातल्या बऱ्याच गावांत एखादं तरी ‘मिलिटरीवाल्याचं घर’ असतं. सोप्यावर गणवेशातला जुना फोटो, त्याखाली काचेच्या चौकटीत पदकं आणि खुर्चीत बसलेले काका. गावाने त्यांना पंधरा ऑगस्टला शाल-श्रीफळ दिलेलं असतं, विचारलेलं मात्र फारसं काही नसतं. त्यांच्यावर लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा. मी अशा काही मुलाखती केल्या आणि पहिल्या दोन वाया घालवल्या. त्या का वाया गेल्या, तिथूनच सुरुवात करतो.

पहिलाच प्रश्न युद्धाचा

‘शत्रू समोरासमोर पाहिलात का?’ असं मी विचारलं. काका ताठ बसले आणि देश, तिरंगा, बलिदान यांवर चाळीस मिनिटं बोलले. शाळेच्या झेंडावंदनाला ते दरवर्षी करतात तेच भाषण होतं ते. घरी येऊन ऐकलं तर लिहिण्यासारखं एक वाक्यही नव्हतं. चूक माझी होती. भाषणाचा प्रश्न विचारला, भाषण मिळालं.

पुढे दुसऱ्या एका घरी विचारलं, ‘त्या रात्री जेवलात काय?’ काका थोडा वेळ गप्प राहिले, मग हसले. म्हणाले, मागच्या लंगरवरून जेवण निघालं होतं, पण पोचलंच नाही, खिशात होतं तेवढ्यावर रात्र काढली. मग ओले मोजे निघाले, खंदकातला जोडीदार निघाला, त्याचं घोरणं निघालं, आणि पहाटे ते घोरणं ऐकू येईना तेव्हा यांना आलेली भीतीही निघाली. मी मध्ये काहीही विचारलं नव्हतं.

शिपायाला युद्ध दिसतं ते खंदकाच्या काठावरून दिसेल तेवढंच. पलटण रातोरात का हलवली हे त्याला तेव्हा कोणी सांगितलेलं नसतं. ‘१९७१ची रणनीती काय होती?’ असं विचारलंत तर नंतर टीव्हीवर पाहिलेलं ते तुम्हाला सांगतील, आणि तुम्ही ते ‘प्रत्यक्षदर्शी’ म्हणून छापाल. झोप, पाणी, बूट, थंडी, पत्रं, परसाकडे कुठे जायचे, हे विचारा. ‘किती मारले?’ हा प्रश्न तर कधीच नको. सांगायचं असेल तर ते स्वतःहून सांगतील.

‘कारगिलला होतो’ म्हणजे १९९९ असं धरणं

ही माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. काका म्हणाले, ‘मी कारगिलला होतो.’ मी वहीत लिहिलं १९९९. त्यांचं वय बघून तरी शंका यायला हवी होती. कारगिल भागात १९६५ला लढाई झाली, १९७१लाही झाली. काका बोलत होते ते १९७१चं.

‘ऑपरेशन विजय’चंही तसंच. १९९९च्या कारवाईचं हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण गोवा मुक्तीच्या डिसेंबर १९६१च्या कारवाईचं नावही ऑपरेशन विजयच. गोव्यात बसून लिहिणाऱ्याने तरी हा गोंधळ घालू नये. आणखी एक: मुक्तिलढ्यात आग्वादच्या तुरुंगात गेलेले ते स्वातंत्र्यसैनिक, फौजेतून पेन्शनवर आलेले ते माजी सैनिक. दोघांची कागदपत्रं वेगळी, आठवणी वेगळ्या. आपल्याकडे सत्काराच्या बातम्यांत दोघांनाही एकाच मथळ्याखाली कोंबतात.

‘मी मराठा’ एवढ्यावरही थांबू नका. बेळगावला केंद्र असलेली मराठा लाइट इन्फंट्री वेगळी, आणि पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन, म्हणजे २ पॅरा (मराठा), वेगळी. १९६१ला फोंड्याच्या बाजूने आत आली ती २ पॅरा, आणि ११ डिसेंबर १९७१ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलला विमानांतून पॅराशूटने उतरली तीही तीच. बटालियनचा आकडा विचारल्याशिवाय पुढचं पान लिहू नका.

कागद न बघता आठवणीवर भरवसा

आठवण खोटी नसते, पण तारखा सरकतात. पन्नास वर्षांत दोन हिवाळ्यांचा एक हिवाळा होतो. म्हणून दुसऱ्या भेटीत, पहिल्या नव्हे, डिस्चार्ज बुक बघायला मागा. भरती कधी, कुठल्या पलटणीत, हुद्दा कधी वाढला हे त्यात सापडतं. जन्मतारखेवर मात्र लगेच विश्वास ठेवू नका. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाचा पोर्तुगीज काळातला जन्मदाखला एक तारीख सांगतो आणि फौजेचा कागद दुसरी, असं होतं. काहींनी तर नातेवाइकांकडे राहून सावंतवाडी-बेळगावकडून भरती दिलेली असते, त्यामुळे कागदावरचं गावही वेगळं असू शकतं.

पदकंही बोलतात. १९७१च्या युद्धात पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडलवरून आघाडी ठरवू नका, ते दोन्हीकडच्यांच्या छातीवर दिसतं. श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेल्याकडे विदेश सेवा मेडल असेल. चौकट उघडायला लावू नका, काचेवरूनच फोटो घ्या.

सगळ्यात मोठा खजिना बहुतेकदा काकूंच्या पेटीत असतो: पत्रं. पाकिटावर ‘५६ एपीओ’ (एपीओ म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) असेल तर पलटण ढोबळमानाने उत्तर-पश्चिमेकडे, ‘९९ एपीओ’ असेल तर पूर्वेकडे. शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर काकांच्या आठवणीतला तो सरकलेला हिवाळा जागेवर येतो. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनची ऑर्डर घरी न्यायला मागू नका. तिथेच फोटो काढा, आणि छापताना आर्मी नंबर, बँक खातं झाका.

हुद्दे

निवृत्तीच्या वेळचा हुद्दा युद्धात चिकटवू नका. आजचे सुभेदार काका १९७१ला साधे शिपाई असतील. काहींना ऑनररी कॅप्टन हा मान निवृत्तीच्या सुमारास मिळतो, त्याचा अर्थ त्यांनी कंपनी चालवली असा नाही. १९६५च्या आधीच्या गोष्टीत ‘जमादार’ आला तर तो झाडूवाला नव्हे, आजच्या नायब सुभेदाराचं ते जुनं नाव. आणि काका ड्रायव्हर, स्वयंपाकी किंवा सिग्नलवाले असतील तर तसंच लिहा. गोळ्यांच्या आवाजात पाचशे माणसांची डाळ शिजवणाऱ्याच्या हातात तुम्ही उगाच बंदूक दिलीत, तर त्याच्या पलटणीतला एखादा जोडीदार ते वाचून हसेल.

रेकॉर्डिंगच्या तक्रारी

आवाज नीट येत नाही? बहुतेक वेळा पंखा. जून-जुलैत कौलांवरचा पाऊस. सकाळी आणि संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. दुपारी जेवण झाल्यावर जाऊ नका, काका डुलक्या घेतात. फोन फ्लाइट मोडवर टाका. एकदा ऐन गोळीबाराच्या वर्णनात मला विम्याचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबलं. काका परत त्या जागी आलेच नाहीत.

भाषेचं काय करायचं हेही आधी ठरवा. घरचं बोलणं कोकणी, आपल्याशी मराठी आणि फौजेची गोष्ट निघाली की आपोआप हिंदी, असं बरेचदा होतं. हिंदीत गेले की जाऊ द्या. ‘मराठीत सांगा ना’ म्हणालात की तेवढ्यात वाक्य विझतं. संवाद त्यांच्या तोंडचे तसेच ठेवा, निवेदन मराठीत करा.

घरचे मध्ये बोलतात, किंवा काकाच गप्प होतात

नातू तारीख दुरुस्त करतो, सूनबाई चहा आणतात, आणि काकू दारातून म्हणतात, ‘तें सांगूं नाकात.’ त्या वेळी हट्ट धरू नका. उलट काकूंची वेगळी मुलाखत घ्या. मनिऑर्डर कधी आली, रेडिओवर बातमी कशी ऐकली, दोन महिने पत्र नव्हतं तेव्हा घर कसं चाललं, हा युद्धाचा अर्धा भाग त्यांच्याकडेच असतो.

डोळ्यांत पाणी आलं तर रेकॉर्डर बंद करायचा का, हे त्यांनाच विचारा. ‘पुढे काय झालं?’ म्हणू नका. पाणी द्या, बसा, विषय त्यांना बदलायचा असेल तर बदलू द्या. त्या रात्री झोप लागली नाही असं पुढच्या भेटीत घरच्यांनी सांगितलं, तर दोन आठवडे जाऊ नका.

सोबत्याच्या मरणाचं वर्णन मिळालं तरी त्याचं नाव घालून लगेच छापू नका. त्याच्या घरच्यांना ‘तो झोपेत गेला’ असं सांगितलेलं असू शकतं. अलीकडच्या तैनातीतली ठाणी, रस्ते, साधनं यांचे तपशीलही गाळा. गोपनीयतेचा कायदा १९२३चा आहे आणि निवृत्तीनंतरही लागू राहतो.

छापण्याआधी वाचून न दाखवणं

वाचायला देऊ नका, चष्मा आणि संकोच आड येतो. समोर बसून मोठ्याने वाचा. ज्या काकांनी जेवणाची गोष्ट सांगितली होती, त्यांच्यापुढे मी सगळी अठरा पानं वाचली. गोळीबार, जखमा, पलटणीचं नाव, कशावरही ते काही बोलले नाहीत. एकाच जागी हात वर केला. मी लिहिलं होतं, खिशात फुटाणे होते.

‘फुटाणे नव्हते,’ ते म्हणाले, ‘शक्करपारे.’