डोकं ठणकतंय, छाती धडधडतेय आणि रिपोर्ट नॉर्मल: आईच्या बाबतीत आमच्या झालेल्या या चुका टाळा

आई पहाटे अंथरुणात उठून बसायची. एक हात कपाळावर, एक छातीवर. विचारलं की म्हणायची, "पित्त हाय गं, जातंय आपोआप." आठ महिने आम्हीही तेच धरून चाललो. आल्याचा रस, बाम आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधली दुखण्याची गोळी.

ती गोळी हीच आमची पहिली चूक. गुडघ्यांसाठी आई एक घेतच होती, डोक्यासाठी आणखी एक सुरू झाली. ज्याला डोकेदुखीचा त्रास आहे त्याने साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखत राहू शकतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा दुखण्याच्या गोळ्यांनी बीपीही वाढू शकतं. डॉक्टरांनी "कुठलं औषध चालू आहे?" विचारलं तेव्हा आम्ही ही गोळी सांगितलीच नाही, तिला औषध म्हणायचं असतं हेच मनात आलं नाही. आता घरातली सगळी पाकिटं, चूर्णं, अगदी मिश्रीची डबीसुद्धा पिशवीत घालून नेते. बीपीच्या अम्लोडिपिननं किंवा हृदयासाठीच्या नायट्रेटच्या गोळीनंही डोकं दुखू शकतं. पण म्हणून मनानं काही बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारखी बीपी-हृदयाची गोळी एकदम थांबवली तर हृदयाला धोका होतो.

दुसरी चूक, "ईसीजी नॉर्मल आहे" ऐकून निर्धास्त होणं. साध्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते. आईला धडधड व्हायची आठवड्यातून एकदा, पहाटे. चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठेवायचं ईसीजीचं छोटं मशीन, लावलं, त्या दिवशी ती शांत झोपली! डॉक्टरांना सरळ विचारा: त्रास इतक्या दिवसांनी होतो, तर मशीन किती दिवस लावायचं? सात ते चौदा दिवस छातीवर चिकटवून ठेवायचे पॅचही असतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दोन फायलींमुळे. कोल्हापुरात डोक्याची फाइल राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडे, छातीची शाहूपुरीतल्या. दोन्ही त्रास एकाच वेळी होतात, हे एकाही डॉक्टरांच्या कानावर आम्ही घातलं नव्हतं. खरं तर तीच मोठी खूण असते. डोकेदुखी, धडधड आणि दरदरून घाम झटक्यानं येत असेल, बीपी तेव्हाच चढत असेल, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची एक दुर्मीळ गाठ तपासावी लागते. त्यासाठी रक्ताची किंवा चोवीस तासांच्या लघवीची मेटानेफ्रिन तपासणी असते. चालताना, चढताना डोकं दुखून बसल्यावर थांबत असेल, तर क्वचित मूळ हृदयात असतं. मोठ्यानं घोरणं आणि सकाळी जड डोकं म्हटलं की झोपेत श्वास अडकतो का, ते पाहतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन तर आधीच करून घ्या. एकच फिजिशियन धरा आणि दोन्ही फायली त्यांच्यापुढे ठेवा.

बीपी आम्ही चुकीचं मोजत होतो. आई जिना चढून आली की पट्टा गुंडाळायचा, ती बोलत असायची, हात लोंबकळत. आधी पाच मिनिटं गप्प बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीत टेकवलेला. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. एक-एक मिनिटानं दोनदा मोजा आणि त्रासाच्या वेळेसह वहीत लिहा.

काही वेळा मात्र वही-पेन शोधत बसू नका. अचानक, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातातली ताकद गेली, छातीत दाब येऊन घाम फुटला, शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करा. कोल्हापुरात असाल तर सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल, नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, भाकरी चावताना जबडा भरून येणं, यात नजर जाऊ शकते. त्याच दिवशी दाखवा.

गुडघ्याची गोळी डॉक्टरांनी बदलून दिल्यावर आईचं डोकं बरंच उतरलंय. धडधडीचं कारण अजून सापडायचंय, पुढच्या आठवड्यात चौदा दिवसांचा पॅच लागेल. त्रासाच्या वेळची वही आता ती स्वतः लिहिते. कालची नोंद तिच्याच अक्षरात आहे: "पहाटे ४:१०. धडधड. डोकं दुखलं नाही. नाडी मिनिटभर मोजली, ९६. मधेच चुकत होती. पोरीला उठवलं."