पुण्यात फ्लॅट घेताय? रविवारी सकाळी बघून ठरवू नका, आणि या चुका टाळा

माझ्या धाकट्या भावाने पुण्यात, महापालिकेत नव्याने आलेल्या एका गावात टू बीएचके घेतला. फेब्रुवारीतला रविवार होता, सकाळचे अकरा, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी, बाल्कनीतून समोर टेकडी. आम्ही घरातले सगळेच गेलो होतो, मी पण, आणि सगळ्यांनी मिळून काय बघितलं तर ओटा किती मोठा, वॉशिंग मशीन कुठे बसेल, देवघर कुठल्या भिंतीला. बिल्डिंगच्या मागे निळे पत्रे ठोकलेले होते, त्याच्या पलीकडे काय आहे हे बघायला आमच्यातलं एकही माणूस गेलं नाही. पलीकडे ओढा होता. फेब्रुवारीत तिथे नुसती वेड्या बाभळीची झुडपं दिसत होती, आणि पहिल्याच पावसाळ्यात पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. पाऊस संपल्यावर पाणी गेलं पण ड्रेनेजचा वास आणि डास राहिले, संध्याकाळी सहानंतर मागची खिडकी उघडत नाहीत अजून. आयुष्याची पुंजी लावून वीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेलं घर आहे ते, म्हणून हे सगळं लिहितेय, दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये.

पहिली चूक हीच, घर त्याच्या सगळ्यात चांगल्या वेळेला बघणं. साइट ऑफिसवाले रविवारीच बोलावतात कारण रस्ता रिकामा असतो. तुम्ही परत जा, मंगळवारी सकाळी नऊला जा आणि तिथून तुमच्या ऑफिसपर्यंत खरोखर गाडी चालवत जा, मग रात्री दहाला जाऊन दहा मिनिटं गेटबाहेर नुसते उभे राहा. शेजारी लॉन्स असेल तर लग्नसराईत कळतं काय असतं ते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, मोबाइलवर ॲप टाकून अंदाज घेता येतो, अगदी अचूक नसतं ते पण फरक कळतो. लोहगावच्या बाजूला घेत असाल तर एअरफोर्सचा तळ आहे तिथे, लढाऊ विमानं उडतात, बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर एक अख्खा दिवस तिथे काढून बघाच.

आता पाण्याचं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. पुण्यात पूर म्हटलं की लोक नदी बघतात. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं ते सगळ्यांना माहिती, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडला एकता नगरीत पहाटे घरात पाणी शिरलं ते पण लक्षात आहे. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री जे झालं ते नदीने नाही, आंबिल ओढ्याने केलं. कात्रजकडून येणारा ओढा, एरवी गाडीवरून जाताना लक्षात पण येत नाही असा, त्याने सहकारनगर अरण्येश्वर भागात भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या, माणसं गेली. म्हणून बिल्डर जेव्हा सांगतो "आपण निळ्या रेषेच्या बाहेर आहोत" तेव्हा तिथे थांबू नका. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. दोन्हीच्या मध्ये बिल्डिंग असेल तर किती उंचीवर बांधायचं याच्या अटी असतात, त्या पाळल्यात का ते आर्किटेक्टकडून विचारून घ्या. आणि ती रेषा नदीची आहे, ओढ्याचं पाणी तिला विचारून येत नाही.

मग ओढा कसा शोधायचा? कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा, वर घड्याळाचं चिन्ह असतं त्यावर क्लिक केलं की जुन्या वर्षांचे फोटो दिसतात. पंधरा वर्षं मागे जा. जिथे आज क्लब हाउस आहे तिथे तेव्हा झाडांची एक वाकडी रांग दिसली की समजा ओढा आहे, शेतातून झाडं अशी रांगेत आपोआप येत नाहीत. गाव नकाशात पण ओढा दाखवलेला असतो. मी भावाच्या प्लॉटचं हे नंतर बघितलं, दहा मिनिटं लागली, आणि ती हिरवी रेघ सरळ पार्किंगच्या कोपऱ्यातून जात होती. खूप वाईट वाटलं त्या दिवशी.

जुनी बिल्डिंग बघत असाल तर पार्किंगच्या भिंतीकडे खाली बघा. कमरेएवढ्या उंचीवर एक फिकट तपकिरी आडवी रेघ, खालचा रंग फुगलेला, ही पुराची खूण, आणि नवीन रंग फक्त खालच्या तीन-चार फुटांनाच मारलाय असं दिसलं तरी तेच समजा. लाइटचे मीटर कुठे आहेत ते बघा. पार्किंगमधून उचलून वर जिन्यात नेलेले असतील तर उगाच कुणी खर्च केलेला नसतो.

दुसरी बाजू म्हणजे येणाऱ्या पाण्याची नाही, न येणाऱ्या पाण्याची. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, टॅक्स चालू झाला पण कित्येक ठिकाणी नळाचं पाणी अजून पुरेसं नाही. "कॉर्पोरेशनची लाइन येणारच आहे" या वाक्यावर घर घेऊ नका. हिशोब करून बघा, माणशी १३५ लिटर धरतात, चार माणसांचं घर म्हणजे रोजचे ५४० लिटर, शंभर फ्लॅटला ५४ हजार, म्हणजे सगळं टँकरवर असेल तर दहा हजारवाले रोज पाच-सहा टँकर, आणि हे पैसे मेंटेनन्समधूनच जातात. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनकडे टँकरचं रजिस्टर असतं, तारीख, गाडी नंबर, वेळ, सही. चहा पाजून गोड बोलून मे महिन्याचं पान बघायला मागा. एका पानावर सगळं कळतं, कुठल्याच ब्रोशरमध्ये ते मिळणार नाही.

पाणी येतं पण कसलं येतं हे पण बघा. नळाच्या तोटीला पांढरा थर, बाथरूमच्या टाइल्स धुरकट, म्हणजे बोअरचं जड पाणी. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ते मोजायचा मीटर काही शेकड्यात मिळतो, पिण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात. पण टीडीएस चांगला आला म्हणजे पाणी स्वच्छ असं नाही, जंतू त्यात दिसत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, पेशंट सापडले तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला होता. टाकी शेवटची कधी धुतली, टँकर कुठल्या विहिरीवर भरतो, हे विचारायला लाजू नका.

समोरचा रिकामा प्लॉट बघून खूश होणं ही पण मोठी चूक आहे. बाल्कनीतून मोकळं दिसतंय ते कुणाचं आहे? डीपीमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, त्यावर आरक्षण काय आहे? बाग असेल तर छान, पण बस डेपो, स्मशानभूमी, कचरा प्रकल्प, डीपी रोड काहीही असू शकतं. महापालिकेतून झोन दाखला काढता येतो, त्या शेजारच्या सर्व्हे नंबरचा पण काढा. टेकडी दिसत असेल तर जवळ जाऊन बघा ती कापलेली आहे का, पायथ्याला उभी लाल मातीची भिंत दिसली तर पावसात ती माती कुठे येणार याचा विचार करा. कचऱ्याच्या वासाचं वाऱ्यावर असतं, पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, हिवाळ्यात बरेचदा पूर्वेकडून, त्यामुळे एका महिन्यात वास आला नाही म्हणजे नाहीच असं होत नाही. फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या लोकांनी कचरा डेपोसाठी किती वर्षं आंदोलनं केली ते आठवा. बेडरूम पश्चिमेला असेल तर एप्रिलमध्ये दुपारी चारला भिंतीला हात लावून बघा, बाकी काही सांगायला नको.

आणि कुणाला विचारायचं, तर एजंटला नाही. इस्त्रीवाले काका, दूधवाला, टपरीवाला, शेजारच्या बिल्डिंगमधली भाड्याने राहणारी माणसं. स्वतःचा फ्लॅट असलेला माणूस भाव पडेल म्हणून हातचं राखून बोलतो, भाडेकरू सरळ सांगतो.

हे सगळं दहा टक्के भरायच्या आधी करा. रेरा या घरखरेदीच्या कायद्याप्रमाणे रजिस्टर्ड करारनामा केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, "आज बुक करा, उद्या रेट वाढणार" म्हणून चेक फाडून देऊ नका. बुकिंग झालंच असेल तर ब्रोशर, व्हॉट्सॲपवरची जाहिरात, "चोवीस तास पाणी" लिहिलेले मेसेज सगळं जपून ठेवा, जाहिरातीत खोटं सांगून फसवलं असेल तर त्याच कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, भरपाई किंवा व्याजासकट पैसे परत मागता येतात.

राहायलाच गेला असाल तर एकट्याने भांडू नका, सोसायटीच्या लेटरहेडवर भांडा. भावाच्या सोसायटीने मीटर वर नेले, पंप उंच ओट्यावर बसवला, आणि आता दरवर्षी एप्रिलमध्येच क्षेत्रीय कार्यालयात नालेसफाईचा लेखी अर्ज देऊन पोच घेतात, सोबत ओढ्यात टाकलेल्या राडारोड्याचे तारखेसकट फोटो. मागच्या पावसाळ्यात पाणी गेटपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. भाऊ रात्री दोनला छत्री घेऊन खाली उभा होता, तिथूनच त्याने मला फोन केला.