सायकल मार्गांचा प्राधान्यक्रम ठरवताना या चुका टाळा

प्रस्ताव चाळीस आणि निधी पाच-सहा कामांपुरता, अशा याद्या घेऊन मी अनेकदा बसलो आहे, आणि दर वेळी त्याच चुका पाहून आता मन विटले आहे. त्यांतली सर्वांत महागडी चूक म्हणजे जिथे जागा मोकळी आहे तिथेच आधी मार्ग बांधणे. रस्ता रुंद असतो, पार्किंग हलवावे लागत नाही, कोणी हरकत घेत नाही आणि वर्षाअखेरीस बांधलेल्या किलोमीटरचा आकडा दाखवता येतो. सायकल चालवणाऱ्याला मात्र घरापासून शाळेपर्यंत किंवा कामाच्या जागेपर्यंत न अडखळता पोहोचायचे असते, आणि त्या वाटेवरचा सर्वांत भीतिदायक तुकडाच सायकल बाहेर निघणार की नाही हे ठरवतो.

मी सदस्य असलेल्या एका निवड समितीने असाच एक सरळ, ऐसपैस रस्ता पहिल्या क्रमांकावर घेतला आणि त्याच्या टोकाचा मोठा चौक पुढच्या टप्प्यावर ढकलला. त्या निर्णयावर माझीही सही आहे. काम पूर्ण झाल्यावर शाळेच्या वेळेला मी त्या चौकात जाऊन उभा राहिलो. ट्रॅकचा रंग चौकाच्या पंधरा-वीस पावले अलीकडेच संपत होता, कडेच्या दगडाला उतार दिलेला नव्हता, आणि ट्रॅकवरून आलेल्या सायकलला थेट वळणाऱ्या बसच्या वाटेत शिरावे लागत होते. एक बाई तिथे उतरल्या, मागे बसलेल्या मुलीला त्यांनी खाली घेतले आणि एका हाताने तिला, दुसऱ्या हाताने सायकल धरून रस्ता ओलांडला. चौकाचे काम त्यानंतर कधीच झाले नाही, कारण पुढच्या बैठकीपर्यंत ‘आहे तो ट्रॅकसुद्धा कोणी वापरत नाही’ हाच त्याविरुद्धचा मुख्य मुद्दा झाला होता.

नेदरलँड्समध्ये हा धडा फार पूर्वीच मिळालेला आहे. १९७० च्या दशकात द हेग आणि टिलबर्ग येथे एकेक उत्तम प्रात्यक्षिक मार्ग बांधला गेला, पण त्याने शहरातील एकूण सायकल वापर फारसा हलला नाही. पुढच्या दशकात डेल्फ्टने तुटलेले दुवे जोडत शहरभर जाळे विणले, तेव्हा वाढ दिसली. स्पेनमधील सेव्हिलनेही २००६ नंतरच्या थोड्या वर्षांत सुमारे ८० किलोमीटरचे सलग, संरक्षित जाळे उभारले आणि तिथला सायकल वापर कित्येक पटींनी वाढला.

म्हणून कोणत्याही प्रस्तावाला क्रमांक देण्याआधी मी नकाशावर घरे, शाळा, बाजार आणि स्थानके जोडणाऱ्या दहा-बारा रोजच्या फेऱ्या आखतो, आणि बारा वर्षांचे मूल एकटे जिथे अडेल तिथे लाल खूण करतो. सर्वाधिक फेऱ्या ज्या खुणेपाशी तुटतात, ते काम माझ्या यादीत पहिले येते, मग ते शंभर मीटरचे का असेना. त्यानंतर त्या वाटा मी स्वतः सायकलने फिरतो, एकदा गर्दीच्या वेळी आणि एकदा अंधार पडल्यावर.

दुसरी चूक गुणतक्त्याची, म्हणजे प्रत्येक प्रस्तावाला निकषांनुसार गुण देणाऱ्या तक्त्याची. नवख्यांना पहिल्याच दिवशी तयार तक्ता हवा असतो, आणि बेरीज झाली की निर्णय झाला असे ते मानतात. तक्त्यात अपघात, वाहनांचा वेग आणि ‘सुरक्षितता’ असे तीन रकाने असतील, तर एकाच धोक्याला तीनदा गुण मिळतात. गुणांना खर्चाने भागले, तर रस्त्यावर ओढलेला रंगाचा पट्टा प्रत्येक पक्क्या कामावर मात करतो. मी भारांक, म्हणजे प्रत्येक निकषाला दिलेले वजन, चार-पाच वेळा बदलून पाहतो. प्रत्येक वेळी वर राहणारी कामे मी निःशंक मंजूर करतो, आणि जी खाली-वर उड्या मारतात त्यांच्यावर बैठकीत उघड चर्चा मागतो.

आज दिसणाऱ्या सायकली मोजून गरज ठरवू नका; जो रस्ता इतका धोकादायक आहे की तिथे कोणी सायकल घालतच नाही, तिथे सायकलींची मोजणीही कमी येते आणि सायकल अपघातांची नोंदही.

रंगाच्या पट्ट्याला ‘तात्पुरता मार्ग’ म्हणून यादीत घुसवणे मला मुळीच मान्य नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनात ३० च्या तुलनेत जवळजवळ पावणेतीनपट गतिज ऊर्जा असते आणि रंग ती अडवू शकत नाही. अशा रस्त्यावर भौतिक विलगीकरण, म्हणजे सायकल आणि वाहनांमध्ये पक्का अडथळा हवा, किंवा वेग खरोखर ३० वर आणायला हवा. गल्लीबोळांत बहुतेक वेळा दुसरा उपाय पुरतो आणि स्वस्तही पडतो.

डांबरीकरणाचे वेळापत्रक मागवल्याशिवाय यादी कायम करू नका, कारण रस्ता उकरला जाणारच असेल तर सायकल मार्गाचा खर्च बराच कमी होतो. झाडलोट आणि दुरुस्ती कोण करणार, हे मंजुरीच्या कागदावरच लिहून घ्या. आणि जे काम मागे ठेवले, ते का ठेवले याची दोन ओळींची नोंद त्याच दिवशी करा. पुढच्या वर्षी समिती बदललेली असते आणि ‘पुढचा टप्पा’ म्हणजे नेमके काय ठरले होते, हे सांगणारे कोणी उरलेले नसते.