किती पद्मिनी उरल्या? अंदाज कसा बांधावा

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपताच २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. टॅक्सीचा हिशोब त्यामुळे सोपा. खाजगी गाड्यांचा अंदाज मात्र बांधावा लागतो.

आधी ‘उरलेली’ म्हणजे काय ते ठरवा. चालती गाडी, ताडपत्रीखाली झाकलेली पण दुरुस्त होण्याजोगी गाडी आणि नुसता सांगाडा हे तीन रकाने वेगळे ठेवा. मॉडेलही नक्की करा. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी फियाट ११०० बनत असे, पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. पण लोक दोन्हींना फियाटच म्हणतात. नोंदी शोधताना फियाट, प्रीमियर, पद्मिनी अशी सगळी नावं घ्या.

मग सरकारी नोंद. एकूण नोंदणीचा आकडा इथे निरुपयोगी आहे, कारण भंगारवाल्याला गाडी देऊन नोंदणी रद्द करायला विसरलेले मालक पुष्कळ. मेलेली गाडी कागदावर जिवंतच राहते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. पद्मिनीचं उत्पादन थांबून आता वीसहून जास्त वर्षं झाली, म्हणजे कायदेशीर फिरणाऱ्या प्रत्येक पद्मिनीचं नूतनीकरण झालेलं असणारच. माहिती अधिकारात फक्त एवढंच मागा: या नावांच्या, नोंदणी आज वैध असलेल्या खाजगी गाड्या किती? मालकांची नावं मागू नका, मिळणारही नाहीत. या आकड्यातही नूतनीकरणानंतर मोडीत गेलेल्या थोड्या गाड्या असतील, तेव्हा चालत्या गाड्यांसाठी ही वरची मर्यादा समजा.

आता खरी गंमत. तळ्यातले मासे मोजायला काही पकडून खूण करतात, सोडतात आणि पुन्हा जाळं टाकतात. दुसऱ्या जाळ्यात खुणेच्या माशांचा जो वाटा निघतो, साधारण तोच अख्ख्या तळ्यात असणार, त्यावरून एकूण मासे काढतात. इथे खुणेचं काम नंबरप्लेट करते. समजा, एका रॅलीत ४० पद्मिनींचे नंबर टिपले. नंतर विक्रीच्या जाहिरातींमधून ३० मिळाले आणि त्यांतले ८ आधीच्या यादीतले निघाले. ४० गुणिले ३० भागिले ८, म्हणजे सुमारे १५०. यादी लहान असेल तर प्रत्येक संख्येत १ मिळवून गणित करा आणि शेवटी १ वजा करा. उत्तर १४० येतं, ते जास्त भरवशाचं. समाईक गाड्या दोन-तीनच निघाल्या तर त्या उत्तरावर विसंबू नका.

दोन्ही याद्या रॅलीच्याच घेतल्या तर फसगत होते. हौशी मालक सगळीकडे तेच असतात, समाईक गाड्या वाढतात आणि अंदाज खाली घसरतो. एक यादी रॅलीची, दुसरी जाहिरातींची किंवा एखाद्या जुन्या मेकॅनिकच्या वहीतली घ्या. दोन्ही एकाच शहरातल्या आणि शक्यतो एकाच वर्षातल्या असाव्यात.

ताडपत्रीखालच्या गाड्या कुठल्याच यादीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी सोसायट्यांच्या वॉचमनना आणि कार्बुरेटरवाल्यांना विचारा, पण हा आकडा वेगळ्या रकान्यात लिहा. चालत्या गाड्यांसाठी नोंदणीचा आकडा वर आणि नंबरप्लेटचा अंदाज खाली, असा पल्ला मांडा. खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा आला, तर नोंदीत एखादं नाव शोधायचं राहिलंय का ते पाहा.