आजी-आजोबांचा तोल घरीच कसा बघायचा

चवथीला पोरंबाळं गावी येतात ना, तेव्हाच हे उरकून घ्या, कारण दुसरा माणूस लागतोच. एकट्यानं करायचं नाही, तुम्ही हाताच्या अंतरावर, धरायच्या तयारीत उभे. नुकतीच चक्कर आली असेल किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल तर घरी प्रयोग नको, सरळ डॉक्टर. आणि जागा कोरडी बघा, पावसात बलकांवातली (घरापुढच्या व्हरांड्यातली) लादी ओल धरते, तिथे नकोच.

आधी चालायची टेस्ट. हातवाली दणकट खुर्ची घ्या (प्लास्टिकची टाईल्सवर सरकते), समोर 3 मीटर मोजून चिकटपट्टी लावा. रोजच्याच चपला, काठी असेल तर काठीसकट. "चला" म्हटलं की मोबाईलचं स्टॉपवॉच चालू, उठायचं, नेहमीच्या चालीनं पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. पण मी म्हणेन नुसतं घड्याळ बघू नका, वळताना बघा. जागच्या जागी बारीक बारीक पावलं टाकत वळतात का, भिंत चाचपतात का, हात अंगाला चिकटलेले राहतात का, हे सगळं लिहून ठेवा.

मग ओट्याजवळ उभं राहायची टेस्ट, काठीशिवाय, डोळे उघडे, प्रत्येक प्रकार 10 सेकंद. पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला अंगठा टेकवून एकापुढे एक, शेवटी एका पायावर. जिथे जमलं नाही तिथे थांबा. तिसरा प्रकार 10 सेकंद टिकला नाही तर धोका जास्त. आजी म्हणतीलच "मला काय धाड भरलीय", म्हणू द्या.

दम असेल तर बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीवर घेऊन 30 सेकंदांत किती वेळा उठबस होते ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात पुरुषांची 12 पेक्षा कमी, बायकांची 10 पेक्षा कमी झाली तर पाय कमजोर समजा.

उठल्यावर अंधारी येते का तेही विचारा. 5 मिनिटं आडवं करून बीपी घ्या, मग उभं राहिल्यावर 1 आणि 3 मिनिटांनी परत. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला तर गोळ्यांच्या पाकिटांसकट डॉक्टरकडे न्या, मनानं गोळी बंद करू नका. आणि डॉक्टरची तारीख मिळेपर्यंत न्हाणीत धरायला दांडा बसवून घ्या, सुतार-प्लंबर चवथीनंतर लवकर मिळत नाहीत.