मोनोची ब्लड टेस्ट करताय? या चुका टाळा

भाचीला ताप आला, घसा एवढा सुजला की थुंकी गिळवेना, मानेला दोन्ही बाजूंनी गाठी. तिसऱ्याच दिवशी मोनोस्पॉट, म्हणजे मोनोची (ईबीव्ही अर्थात एपस्टाईन-बार व्हायरसमुळे होणाऱ्या मोनोन्यूक्लिओसिसची) झटपट ब्लड टेस्ट केली, निगेटिव्ह आली, आणि घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की मोनो नाही. इथेच बहुतेक जण चुकतात. अँटीबॉडी बनायला शरीराला वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात साधारण चारातल्या एका पेशंटची ही टेस्ट आजार असूनही निगेटिव्ह येते. लक्षणं तशीच असतील तर आठवड्याने परत करा. आणि चार वर्षांखालच्या मुलांमध्ये तर ही टेस्ट ज्या अँटीबॉडी शोधते त्या बरेचदा बनतच नाहीत, तिथे हिच्या भरवशावर राहू नका.

मग डॉक्टर ईबीव्ही पॅनल, म्हणजे या व्हायरसच्या वेगवेगळ्या अँटीबॉडींची टेस्ट सांगतात आणि रिपोर्टमध्ये आयजीजी (इन्फेक्शननंतर टिकून राहणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह दिसलं की लोक हादरतात. अहो, मोठ्या माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना हा व्हायरस कधी ना कधी होऊन गेलेला असतो, बऱ्याच जणांना लहानपणी, कळलंही नसतं, आणि आयजीजी जन्मभर राहते. म्हणून तीन आकडे एकत्र बघायचे: व्हीसीए आयजीएम, व्हीसीए आयजीजी आणि ईबीएनए आयजीजी. व्हीसीए आणि ईबीएनए हे व्हायरसचे भाग, आयजीएम ही सुरुवातीला बनणारी अँटीबॉडी. व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह आणि ईबीएनए आयजीजी निगेटिव्ह असेल तर इन्फेक्शन ताजं, कारण ईबीएनए दोन ते चार महिन्यांनी उगवते. ईबीएनए आधीच पॉझिटिव्ह असेल तर सहसा जुनं प्रकरण, आताच्या तापाचं कारण दुसरीकडे शोधा. नुसती आयजीएम पॉझिटिव्ह असेल तरी लगेच शिक्का मारू नका, सीएमव्हीसारख्या दुसऱ्या व्हायरसमुळेही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते. म्हणूनच सॅम्पल देताना ताप कुठल्या तारखेला सुरू झाला ते आठवून सांगा, त्या तारखेशिवाय रिपोर्ट अर्धवटच वाचला जातो.

बरं वाटल्यावर 'गेला का बघू' म्हणून परत आयजीजी करणं म्हणजे निव्वळ पैसे वाया, ती पॉझिटिव्हच येणार.

डॉक्टरांनी एचआयव्ही टेस्टही लिहून दिली तर राग मानू नका. त्याची सुरुवातही अगदी अशीच दिसू शकते. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूही तपासतात, तेही बरोबरच आहे.

आणि कृपा करून रिपोर्ट यायच्या आधी घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन सुरू करू नका. मोनो व्हायरसचा आजार, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट बऱ्याच जणांच्या अंगभर लाल पुरळ उठतं आणि मग पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असा शेरा फाइलवर उगाच कायमचा बसतो. भाचीचं नेमकं हेच झालं, आठ दिवस ती पोर खाजवत बसली होती.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की प्लीहेला (डाव्या बरगडीखालचा अवयव) जपा, ती सुजते. किमान तीन आठवडे कबड्डी, फुटबॉल, वजन उचलणं बंद, पुढे डॉक्टर सांगतील तसं. डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखलं तर सकाळची वाट न बघता तेव्हाच हॉस्पिटल गाठा.