पट्टा गेला म्हणण्याआधी : पाइप तपासणीच्या क्रॉलरबाबत या चुका टाळा

क्रॉलर, म्हणजे ड्रेनेजच्या पाइपात फिरून आतलं चित्र वर दाखवणारी पट्ट्यांवर चालणारी छोटी कॅमेरागाडी, पाइपात अडला की वर उभ्या असलेल्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पट्टा गेला." मग पट्टा बदलतात, आणि दुसऱ्या दिवशी क्रॉलर त्याच मीटरला पुन्हा अडतो. ड्रेनेज लाइनच्या सर्व्हेत काही वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की, या सगळ्या प्रकरणात पट्टा हा सर्वांत गरीब आरोपी. डोळ्यांसमोर दिसतो तो, म्हणून पकडला जातो तो. खरी चूक बहुतेक वेळा केबल गुंडाळलेल्या ड्रमपाशी, व्हॅनमध्ये, नाहीतर आदल्या संध्याकाळी यंत्र धुताना झालेली असते.

हे सगळं दोन पट्ट्यांच्या क्रॉलरबद्दल आहे. दोन्ही पट्ट्यांना आपापली मोटर आणि गिअरबॉक्स, मध्ये कॅमेरा, मागे केबल. वळायचं असेल तर एक पट्टा हळू आणि दुसरा जोरात, पोकलेन वळतो तसं.

केबलचं ओझं कुणी मोजत नाही

मीटरला १०० ग्रॅम वजनाची केबल धरा. दीडशे मीटर आत गेल्यावर क्रॉलरच्या मागे १५ किलोची शेपटी असते. घर्षण वजनाच्या निम्मं धरलं तरी सरळ पाइपात साडेसात किलोची ओढ झाली. खरा घात मात्र कोपऱ्यावर होतो. केबल एखाद्या कडेवरून काटकोनात वळली की मागचा ताण नुसता वाढत नाही, त्याला गुणाकार लागतो. घर्षणांक ०.३ असेल तर एका काटकोनाला ताण १.६ पट होतो, दोन काटकोनांना अडीच पटीच्या वर. चेंबरमध्ये उभी उतरून पाइपात आडवी शिरणारी केबल हा पहिला काटकोन आणि चेंबरच्या तोंडाची कड हा दुसरा. ड्रमवर कुणी दोन किलोचा हात धरून ठेवला असेल, तर पाइपाच्या तोंडाशी त्याचे पाच किलो झालेले असतात.

म्हणून चेंबरच्या तोंडाशी आणि तळाला रोलर लावणं ही चैन नव्हे. रोलर व्हॅनमध्येच पडून असतात आणि केबल काँक्रीटच्या कडेवर घासत असते, हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता व्हॅनमधून उतरलो की आधी रोलरच शोधतो. पट्टा घसरतोय असं वाटलं तर ड्रमवरून दोन-तीन मीटर केबल हाताने मोकळी करून आत सोडा. क्रॉलर लगेच चालायला लागला तर पट्ट्याला हात लावायची गरज नाही.

मोटर अडते तेव्हा कॅमेरा बंद का पडतो

या एका बिघाडापायी कॅमेरे दुरुस्तीला जातात आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी लावून परत येतात. लक्षण असं : क्रॉलर पाइपाच्या जोडावर चढू लागतो, चित्र थरथरतं, पडदा काळा होतो, आणि थोड्या वेळाने कॅमेरा आपोआप चालू होतो.

१ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण साडेसतरा ओहम असतो. केबल २०० मीटर असेल तर वीज जाऊन-येऊन ४०० मीटरचा प्रवास करते, म्हणजे ७ ओहम. सपाटीवर १ अँपिअर प्रवाहाला ७ व्होल्ट वाटेत खर्च होतात, ते चालून जातं. जोडावर मोटर अडली आणि प्रवाह ३ अँपिअर झाला, की २१ व्होल्ट वाटेतच गेले. वरून ४८ व्होल्ट पाठवत असाल तर खाली पोचले २७. कॅमेऱ्याला तेवढे पुरत नाहीत आणि तो मान टाकतो. वर चालवणारा काय करतो? स्टिक आणखी पुढे दाबतो.

अशा वेळी स्टिक सोडा, हातभर मागे या आणि जोडावर थोडं तिरकं, कमी वेगाने चढा. एका वेळी एकच पट्टा चढू द्या. अडलेल्या मोटरवर जोर दिल्याने होतं ते इतकंच की प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, आणि ती बंद डब्यात कोंडून राहते. केबलचंही तसंच. ड्रमवर गुंडाळलेल्या थरांना वारा लागत नाही, तांबं तापतं, आणि तापमान ४० अंशांनी वाढलं की रोध साधारण १६ टक्क्यांनी वाढतो. सकाळी नीट चाललेला क्रॉलर दुपारी त्याच लाइनमध्ये रडतो, त्यामागे कित्येकदा एवढंच असतं. लांब केबल लागणार नसली तरी निम्मी उलगडून सावलीत पसरून ठेवा.

एवढं करूनही व्होल्ट कमीच येत असतील तर कनेक्टर उघडा. गटारातला हायड्रोजन सल्फाइड तांब्या-चांदीला काळा थर आणतो. गटाराजवळच्या घरांत चांदीची पैंजणं लवकर काळी पडतात, तोच हा प्रकार. काळ्या पिना काँटॅक्ट क्लीनरने पुसा. सॅंडपेपर मारलात तर वरचा सोन्याचा मुलामा निघतो आणि पुढच्या महिन्यात दुप्पट त्रास होतो.

आता पट्टा

पट्टा ढिला असेल तर वळताना दात चुकतो, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सगळे तो गरजेपेक्षा जास्त ताणतात. फार ताणलेला पट्टा बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर (शाफ्टभोवती पाणी अडवणारं रबरी कडं) एकाच बाजूने दाब देतो, सील अंडाकृती झिजतं आणि तिथून पाणी शिरतं. ताण किती असावा हे कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. अंदाज हवा असेल तर नवं यंत्र आलं त्या दिवशी क्रॉलर हवेत उचलून दोन्ही पट्टे मोकळे फिरवा आणि दोन्ही मोटरींचा प्रवाह वहीत लिहून ठेवा. पुढे कधी डावी मोटर उजवीपेक्षा जास्त प्रवाह खाऊ लागली, तर ताण, चिंध्या किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी त्या बाजूला आहे. ही वही मी पाहिलेल्या महागड्यातल्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे.

गोल पाइपात सपाट बसवलेले पट्टे फक्त बाहेरच्या कडेवर टेकतात. पकड निम्मी आणि झीज एकाच कडेला. पट्ट्यांचा कोन पाइपाच्या व्यासाप्रमाणे बदलावा लागतो. ३०० मिलिमीटरचं काम संपवून ९०० च्या लाइनवर गेलात आणि ब्रॅकेट तसंच ठेवलंत, तर पट्ट्यांची आतली कड झिजायला लागेल. दक्षिण मुंबईत जुन्या विटांच्या अंडाकृती वाहिन्या आहेत, त्यांचा तळ अरुंद असतो. तिथे कागदावरचा आकार बघून कोन ठरवू नका, तळाची गोलाई बघा.

एकच पट्टा बदलणं ही काटकसर महागात पडते. नवा पट्टा जाड, जुना गुळगुळीत, त्यामुळे क्रॉलर सारखा एका बाजूला ओढतो, भिंतीवर चढतो आणि लक्ष नसेल तर कुशीवर पडतो. बदलायचे तर जोडीनेच. चढायला लागलाच तर जोरात उलटं वळवू नका, थांबून मागे घ्या. आणि हॉटेलांच्या गल्लीतल्या लाइनमध्ये तेला-तुपाचा थर असतो, त्यावर कुठलाच पट्टा धरत नाही. आधी जेटिंग, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन धुणं, मग क्रॉलर.

धुताना होणारं नुकसान

काम संपलं, सगळे दमलेत, जेटिंगची गाडी शेजारीच उभी. कुणीतरी गन उचलतो आणि क्रॉलर चकाचक करतो. शाफ्टच्या सीलवर जवळून जोराचं पाणी मारलं की बारीक वाळू सीलच्या ओठाखाली ढकलली जाते. बादली, मऊ ब्रश आणि नळाचं साधं पाणी पुरे. बाजूची झाकणं काढून दातांच्या चक्राभोवती अडकलेले केस, चिंध्या आणि नायलॉनचा दोरा रोज काढा. पतंगाचा मांजा शाफ्टवर गुंडाळला गेला तर सील कापतो, आणि बाहेरून काही दिसतही नाही. हातमोजे घाला, पावसाळ्यात तर घालाच, लेप्टोचा धोका असतो.

चिकट घाण काढायला डिझेल किंवा रॉकेल वापरू नका, पट्ट्याचं रबर फुगतं. ग्रीसचंही तसंच. ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असेल तर खनिज तेलाचं ग्रीस तिला फुगवतं, सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस चालत नाही. हाताशी आहे ते ग्रीस लावण्याआधी ओ-रिंग कशाची आहे ते पाहा.

नायट्रोजनचा दाब : खरी गळती आणि खोटी

क्रॉलरच्या आत कोरडा नायट्रोजन भरतात, म्हणजे सील थोडं गेलं तरी पाणी आत येण्याऐवजी वायू बाहेर जातो. नायट्रोजन संपला म्हणून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरलेली मी पाहिली आहे. त्या हवेत ओल असते, आणि ती थंड पाइपात काचेच्या आतून धुक्यासारखी बसते.

दाब उतरला की लगेच सील उघडायची घाई करू नका. मे महिन्याच्या दुपारी ४० अंशांत ०.७ बार भरलात आणि क्रॉलर २५ अंशांच्या पाण्यात गेला, तर काहीही न गळता काटा ०.६२ च्या आसपास येतो. अर्ध्या तासात तिथे स्थिरावला तर तो तापमानाचा खेळ. उतरतच राहिला तर गळती. ती शोधायला बादलीभर पाणी घ्या आणि सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतो तसे बुडबुडे बघा. शाफ्ट हळूहळू फिरवतही बघा, काही सीलं फिरतानाच गळतात. भरायच्या व्हॉल्व्हचं टोपण मात्र सगळ्यात आधी तपासा.

दाब भरला म्हणजे यंत्र स्फोटरोधक झालं, असा एक समज आहे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला की पेट घेतो. स्फोटरोधक प्रमाणपत्र नसलेला क्रॉलर गॅस डिटेक्टर वाजत असलेल्या चेंबरमध्ये सोडू नका.

परत आणताना

बऱ्याच क्रॉलरमध्ये वर्म गिअर असतो. तो बाहेरून ओढून फिरत नाही. मोटर बंद ठेवून चार जणांनी केबल ओढली तर पट्टे रखडत येतात, नाहीतर केबलची मुळाशी असलेली जोडणी सुटते. मोटरने मागे आणा आणि त्याच वेगाने केबल गुंडाळा. केबल ढिली राहिली तर क्रॉलर तिच्यावरच चढतो आणि ती चक्रात जाते.

खरंच अडकला तर वरच्या चेंबरमधून पाणी सोडून बघा, पुढच्या चेंबरमधून दोर घालून बघा, नाहीतर खोदा. माणूस खाली उतरवू नका, 'दोनच मिनिटं' म्हणूनसुद्धा नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पोचलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. "वास नाही, उतरतो" म्हणणाऱ्याला हे आधी सांगा.

खोदायचं तर कुठे? मीटर काउंटर पाइपाच्या तोंडाशी शून्यावर आणला असेल तरच त्या आकड्याला अर्थ. ओल्या केबलवर काउंटरचं चाक घसरतं, तो फरक वेगळाच. म्हणून क्रॉलरमध्ये ५१२ हर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर असतो, त्याला 'सोंड' म्हणतात, हत्तीशी काही संबंध नाही. हा संकेत बिडाच्या पाइपातूनही वर येतो आणि रस्त्यावरून रिसीव्हर फिरवला की क्रॉलर नेमका कुठे आहे ते कळतं. रिसीव्हरची बॅटरी क्रॉलर आत सोडण्याआधी तपासा. आम्ही एकदा तपासली नव्हती, आणि चार मीटर चुकीच्या जागी डांबर फोडून बसलो होतो.